औषधाचं नाव न सांगणारा शेतकरी-प्रशिक्षक कसा घडवायचा? (भाजीपाला, नागपूर जिल्हा)

धुऱ्यावरून

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं मी नागपूर जिल्ह्यातल्या भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसोबत काम करतो. सावनेर, कळमेश्वर, कामठी, मौदा आणि कुही तालुक्यांतून २४ जण निवडायचे, त्यांना एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे (म्हणजे आधी निरीक्षण, मित्रकीटक आणि सापळे, औषध अगदी शेवटी) शेतकरी-प्रशिक्षक म्हणून तयार करायचं आणि मग त्यांनी आपापल्या गावात २०-२५ जणांची शेतीशाळा चालवायची, असं काम सध्या माझ्याकडे आहे. दुसरी तुकडी जूनमध्ये सुरू होईल. पहिल्या तुकडीत मी चुकलो. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा प्रश्न नीट कळेल.

पहिल्या तुकडीला तीन दिवस शहरातल्या एका हॉलमध्ये बसवलं. पडद्यावर किडींची मोठमोठी चित्रं, जीवनचक्रं, मित्रकीटकांची यादी. शेवटी लेखी परीक्षा घेतली, सगळे पास झाले. पंधरा दिवसांनी कळमेश्वरकडच्या एका गावात त्यातल्याच एकाची शेतीशाळा पाहायला गेलो. एक काकू भेंडीचं पान घेऊन आल्या. पानामागे मावा होता आणि त्यात फिरत होती एक काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी अळी. आमच्या प्रशिक्षकाने क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, "अळी पडली काकू, उद्याच फवारून घ्या." औषधाचं नावही सांगितलं, पंपाला किती झाकणं तेही सांगितलं.

ती ढालकिड्याची अळी होती. वाढीच्या काळात एकटी शेकडो मावा खाणारी. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला मोठा ढालकिडा त्याने परीक्षेत बरोबर ओळखला होता. त्याची अळी कशी दिसते हे मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं.

त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. तीन दिवस मी स्वतः त्याच्यासमोर हेच करत होतो. कोणी काही विचारलं की ताबडतोब उत्तर. त्याने माझ्याकडून कीटकशास्त्र थोडंच उचललं, उत्तर देण्याची सवय मात्र पुरती उचलली.

म्हणून विचारतो आहे. ज्यांनी शेतीशाळा चालवल्या आहेत किंवा ज्यांनी त्यात बसून पाहिलं आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहा. शेतकऱ्याला शिकवणारा शेतकरी नेमका कसा तयार होतो?

निवृत्त_पण_वावरात

मी विस्ताराच्या कामात आयुष्य घालवलं, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

शेतीशाळा ही पद्धत हॉलमध्ये जन्मलेली नाही, भाताच्या बांधीत जन्मली. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता. कारण फवारणी कमी पडली असं नव्हे, फवारणी जास्त झाली होती. कीटकनाशकांनी आधी कोळी आणि इतर भक्षक मेले, तुडतुड्यांना मोकळं रान मिळालं. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या पुढच्या वाक्यात आहे : तिथे जे प्रशिक्षक होणार होते, त्यांना आधी एक पूर्ण हंगाम स्वतः भात पिकवायला लावला. चिखलात उतरून, रोवणीपासून कापणीपर्यंत. ते सरकारी कर्मचारी होते, पण आपल्या हाताने भात घेतलेले त्यांच्यात फार थोडे होते.

तुमचे २४ जण शेतकरीच आहेत, तेव्हा पिकवणं त्यांना येतं. त्यांना येत नाही ते थांबून बघणं. तिथेच हंगाम घालवा. तीन सलग दिवसांऐवजी आठवड्यातून एक सकाळ, रोप टाकल्यापासून शेवटच्या तोडणीपर्यंत. वांग्याचं पीक बघता बघता कसं बदलतं ते चित्रात दाखवताच येत नाही.

आणि लेखी परीक्षा बंद करा. मतपेटी चाचणी घ्या. वावरात दहा ठिकाणी काठ्या रोवायच्या, प्रत्येक काठीजवळ खरं काही तरी : जिवंत अळी, किडलेला शेंडा, परजीवी पडलेला मावा. प्रश्न एकच, उत्तराला तीन डबे. माणसाने झाडाजवळ उभं राहून चिठ्ठी टाकायची. लिहिता न येणारी बाईही यात मागे राहत नाही. हंगामाच्या सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा.

धुऱ्यावरून

काका, मतपेटीची गोष्ट पुस्तकात वाचली होती, पण लेखी परीक्षा सोपी पडते म्हणून मी ती टाळली. या वेळी नक्की. त्या दहा काठ्यांपैकी दोन तर ढालकिड्याच्याच असतील, एक मोठ्या किड्याची आणि एक अळीची.

कळमेश्वरचा_वांगेवाला

भाऊ, मी शिकवणारा नाही, शिकणारा आहो. ओलिताचं अर्धा एकर वांगं आहे. मागच्या साली एका भाऊने कामगंध सापळे लावाले सांगितले. लावले. रोज सकाळी पाहाव तं पतंग पडलेलेच पडलेले. मले वाटलं, आता झालं काम. पण तोडणीले गेलो तं वांगं किडकं निघून राहिलं. मंग मी सापळे काढून फेकले अन् पुन्हा फवारा सुरू केला. चौथ्या दिवशी फवारा, पाचव्या दिवशी तोडा, रात्री गाडी नागपूरच्या कॉटन मार्केटले, भाजीबाजारात. घरी खायाले मात्र आम्ही दुसऱ्या धुऱ्यावरचे चार झाडं वेगळे ठेवतो, त्याले फवारा नाही मारत. खरं ते सांगून राहिलो.

पतंग मरूनही वांगं काहून किडते, हे मले कोणी सांगितलं नाही. तुमच्या प्रशिक्षकाले हे सांगता येईल का?

धुऱ्यावरून

भाऊ, तुम्ही चार झाडांचं लिहिलंत, ते लिहायला मोठं मन लागतं. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी घरांत असंच आहे.

सापळ्यात पडतात ते फक्त नर. मादीचा वास म्हणून ल्यूर लावलेला असतो, त्याला मादी येत नाही. नर पुरेसे पकडले तर माद्या मिलनाविना राहतात आणि अंडी फळत नाहीत, हे सापळ्यांचं गणित. पण शेजारच्या वावरात मिलन झालेली मादी उडत तुमच्याकडे येते आणि पानांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लवकरच शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा आत गेली की वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. चौथ्या दिवशीचा तुमचा फवारा बहुतेक वेळा बंद दारावर पडत होता.

तीन गोष्टी विचारतो. तुमच्या बाजूला कोणाचं वांगं होतं का? सुकलेले शेंडे खुडले होते का, आणि खुडून कुठे टाकले? मागच्या वांग्याच्या काड्या कुठे रचल्या होत्या?

कळमेश्वरचा_वांगेवाला

बाजूले चुलतभावाचं वांगं होतं, त्याच्याकडे सापळे नव्हते. शेंडे बायांनी खुडले, धुऱ्यावरच टाकले. काड्या जळतनासाठी विहिरीजवळ रचून ठेवल्या आहेत, अजूनही आहेत.

निवृत्त_पण_वावरात

सापडलं. खुडलेल्या शेंड्यात अळी जिवंत असते. धुऱ्यावर टाकला की ती बाहेर येऊन पालापाचोळ्यात कोष करते आणि परत तुमच्याच वांग्यावर. शेंडा सुकलेल्या भागाच्या थोडा खालून कापायचा, पिशवीत भरायचा आणि खोल पुरायचा. काड्यांच्या ढिगातही कोष राहतात. तो ढीग नवं वांगं लावायच्या आधी चुलीत जाऊ द्या, नाहीतर जाळीने पुरता झाकून ठेवा. आणि चुलतभावाला सोबत घ्या. एकट्याचं अर्धा एकर या किडीला पुरत नाही. सलग पाच-सात जणांचं वांगं एकत्र धरलं, तरच सापळ्यांचा खरा गुण दिसतो.

धुऱ्यावरून, तुम्ही आता जे केलंत ना, तीन प्रश्न विचारलेत, तेच तुमच्या प्रशिक्षकाला शिकवायचं आहे.

मौद्याची_लेक

मी पहिल्या तुकडीत होते. हॉलमधल्या २४ जणांत आम्ही बाया फक्त तीन. ते बदलावं म्हणून लिहिते.

आमच्याकडे मिरची आहे. मिरची तोडतात बाया, निंदतात बाया, रोप लावतात बाया. पान गोळा झालेलं पहिल्यांदा बाईलाच दिसतं, कारण ती झाडापाशी वाकलेली असते. फवारा मारणारा माणूस पंप पाठीवर घेऊन ओळीतून चालत जातो, त्याला दिसत नाही. तरी शेतीशाळेचा निरोप माणसांनाच येतो आणि वेळ ठेवतात सकाळी अकराची. अकराला मजुरीवर गेलेली बाई कशी येणार? माझ्या गावात मी सकाळी साडेसहाला ठेवली, तोडणीला जाण्याआधी. चौदा जणी येतात.

दुसरी गोष्ट. शेंडे खुडायला सांगता, पण त्याची मजुरी कोण देणार? मालक म्हणतो, तोडता तोडता खुडा. पण तोडणीचे पैसे किलोवर मिळतात. खुडायला थांबली की तिची मजुरी बुडते. हे प्रशिक्षणात कोणीच बोललं नाही.

धुऱ्यावरून

ताई, मजुरीचं तुम्ही लिहिलं नसतं तर माझ्या लक्षातच आलं नसतं, आणि हा माझा मोठा दोष आहे. खुडणीचा अर्धा दिवस वेगळ्या रोजाने धरावा आणि एक फवारणी वाचली तर तिचे पैसे त्यात वळवावेत, हा हिशेब शेतीशाळेत मालकांसमोर कागदावर मांडायला हवा. फवारणीत औषध, पंप आणि माणसाचा रोज तिन्ही येतात. तोच पैसा खुडणाऱ्या बाईकडे जाऊ शकतो.

दुसऱ्या तुकडीत निम्म्या जागा बायांच्या, हे आजच ठरलं. तुम्ही शिकवायला याल ना?

मौद्याची_लेक

येईन. पण मिरचीचं एक मला पक्कं शिकवा. पान गोळा झालं की गावात सगळे "चुरडामुरडा आला" म्हणतात आणि जे हाती लागेल ते मारतात. मागच्या वर्षी एकीने तीन औषधं एकाच पंपात मिसळली.

कीटक_भिंग

हे मी लिहिते, कीटकशास्त्रात पदव्युत्तर शिकते आहे.

चुरडामुरडा हे एकाच रोगाचं नाव नाही, हीच गोम आहे. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं, तर फुलकिडे बघा. कडा खाली वळून होडी उलटी झाली आणि पान लांबट झालं, तर कोळी बघा, म्हणजे पानाचा रस शोषणारा सूक्ष्म कोळी (माइट), वर काकांनी लिहिलेला किडी खाणारा कोळी नव्हे. दोन्ही फार बारीक असतात, दहापट भिंग असलं की दिसतात. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय. साध्या कीटकनाशकाने तो बहुधा मरत नाही, उलट त्याला खाणारे मरतात आणि तो वाढतो. तिसरी शक्यता विषाणूची : पानं बारीक, शिरा जाड, झाड खुजं. तो पांढऱ्या माशीने पसरतो आणि झाडात एकदा शिरला की त्यावर औषध नाही. असं झाड लवकर उपटून बाहेर न्यायचं.

म्हणजे एकाच नावाखाली तीन वेगळी कारणं, आणि तिन्हींवर वेगळं काम. प्रत्येक प्रशिक्षकाच्या खिशात भिंग हवंच. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की फुलकिडे पळताना दिसतात, ते कोणालाही दाखवता येतं. रोपवाटिकेवर चाळीस मेशची जाळी आणि वावराभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी घेतल्या तर पांढरी माशी आणि फुलकिडे बरेच अडतात.

ढालकिड्याबद्दल एक सावधगिरी. वांग्यावर येणारा २८ ठिपक्यांचा ढालकिडा मित्र नाही, तो आणि त्याची पिवळी काटेरी अळी पान खरवडून जाळी करतात. त्याच्या पाठीला चमक नसते, बारीक लव असते. "सगळे ढालकिडे मित्र" असं प्रशिक्षकाने एकदा सांगून टाकलं आणि शेतकऱ्याच्या वांग्याची जाळी झाली, तर पुन्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

धुऱ्यावरून

हे शेवटचं सोन्यासारखं. ओळख पाठ केली की चुकते. तो पानावर काय करतो आहे हे बघितलं की चूक कमी होते.

शेतीशाळेत कोणी किडा आणून "हे काय आहे?" विचारलं, तर नाव सांगायचं नाही असं मी आता ठरवतो आहे. उलट विचारायचं : कुठे सापडलं? झाडावर काय करत होतं? एकच होतं की भरपूर? मग बरणीत घालून त्याच्यासोबत मावा ठेवायचा, दुसऱ्या बरणीत पान ठेवायचं, तोंडाला मलमलचं कापड बांधायचं आणि पुढच्या आठवड्यात उघडायचं. मावा संपला असेल तर मित्र, पान संपलं असेल तर शत्रू. भेंडीचं पान आणणाऱ्या काकूंनी हे एकदा स्वतः पाहिलं असतं, तर कोणी सांगूनही त्यांनी फवारलं नसतं.

कृषी_केंद्र_चालक

मी गप्प बसून वाचत होतो, पण आता लिहितो. माझं तालुक्याच्या ठिकाणी कृषी केंद्र आहे. सगळा दोष आमच्यावर येतो म्हणून थोडं ऐका. शेतकरी दुकानात येतो तेव्हा पीक हातातून चाललेलं असतं. तो किडकं वांगं गल्ल्यावर ठेवतो आणि म्हणतो, कडक द्या. रिकाम्या हाताने पाठवला तर तो पुढच्या दुकानात जातो. हंगामभर उधारी असते, ती त्याच्या वांग्यावरच फिटते.

मी मात्र 'देसी' अभ्यासक्रम केला. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने निविष्ठा विक्रेत्यांसाठी २००३ मध्ये सुरू केलेला ४८ आठवड्यांचा. त्यानंतर मी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. डब्यावरचा त्रिकोण दाखवतो : लाल, पिवळा, निळा, हिरवा, लाल सर्वांत विषारी. आणि फवारणीनंतर किती दिवस तोडणी नाही ते बिलावर लिहून देतो. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर बंदी आहे हे अजूनही लोकांना सांगावं लागतं.

तुमच्या तुकडीत दोन-चार दुकानदार घ्या. निंबोळी, ट्रायकोकार्ड (किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या मित्रकीटकाचं कार्ड), ल्यूर आमच्याकडे वेळेवर नसेल, तर तुमचा प्रशिक्षक कितीही छान बोलो, शेतकरी त्याच संध्याकाळी माझ्याकडेच येईल.

धुऱ्यावरून

भाऊ, मनापासून पटलं. तालुक्याला एक दुकानदार घेतोच. चौथ्या दिवशी फवारून पाचव्या दिवशी तोडणं का चालत नाही, हे तुमच्या तोंडून ऐकलं तर जास्त वजन पडेल.

एक जोडतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पीक वेगळं होतं, पण पंप तोच आणि पाठ त्याच मजुराची. मी पहिल्या तुकडीत संरक्षक कपड्यांवर वीस मिनिटंच दिली होती. या वेळी फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवतो.

वर्धा_रोड

बीटी वांगं, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेलं वांगं, आलं असतं तर हा सगळा खटाटोप लागला नसता, असं नाही वाटत? त्या वेळच्या जनसुनावण्यांतली एक नागपूरलाच झाली होती ना?

निवृत्त_पण_वावरात

झाली होती. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या सुरुवातीला सात शहरांत सुनावण्या घेतल्या, त्यात नागपूर होतं. फेब्रुवारीत बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती आली. बाजूने आणि विरोधात दोन्हींत प्रामाणिक माणसं होती. पण धागा त्याचा नाही. तुडतुडे, पांढरी माशी, कोळी यांच्यावर बीटी काही करणार नव्हतंच, म्हणजे बघायला शिकलेला माणूस तेव्हाही लागलाच असता.

कुहीकर

निंबोळी अर्काबद्दल कोणी सांगेल का? आमच्या वावरात कडुनिंब भरपूर, पण केलेला अर्क लागू पडत नाही असं लोक म्हणतात.

कीटक_भिंग

बहुतेक वेळा निंबोळी जुनी किंवा बुरशी लागलेली असते. आपल्याकडे ती जून-जुलैत, नेमकी पावसात पडते. पिवळी झालेली निंबोळी गोळा करा, गर धुऊन काढा, बी सावलीत वाळवा आणि पोत्यात हवेशीर ठेवा. प्लास्टिकच्या थैलीत भरू नका. अर्कासाठी ५ किलो बियांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घाला आणि १०० लिटर करा. संध्याकाळी फवारा, उन्हाने त्याचा गुण जातो. आणि पहिल्यापासून सांगा की याने अळी ताबडतोब मरून पडत नाही. ती खाणं कमी करते, तिची वाढ अडते. दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधणारा माणूस "लागू पडला नाही" असंच म्हणेल.

धुऱ्यावरून

दुसरी तुकडी अशी ठरली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात निंबोळी वेचण्यापासून सुरुवात, मग मिरची-वांग्याची रोपवाटिका. दर मंगळवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ, वावरातच. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाने २० झाडं बघायची. मोठ्या कागदावर मधोमध झाड काढायचं, एका बाजूला सापडलेल्या किडी, दुसऱ्या बाजूला मित्र, वर ऊन की ढग, खाली ओल किती. मग गटानेच सांगायचं, या आठवड्यात काय करायचं आणि का. "काही करायचं नाही, पुढच्या मंगळवारी परत बघू" हेही पूर्ण उत्तर मानायचं. एक पट्टा शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचा, एक आपल्या पद्धतीचा, दोन्हींचा खर्च आणि तोडणी शेवटपर्यंत लिहायची. हिवाळ्यात कोबी घेतील त्यांच्यासाठी मोहरीच्या सापळा ओळी आणि टोमॅटोवाल्यांसाठी झेंडू (कीड मुख्य पिकाऐवजी आधी त्यांच्यावर जावी म्हणून), ते ऑक्टोबरात बोलू.

वावर कोणाचं घ्यावं हा प्रश्न बाकी होता. वांगेवाले भाऊ, तुमचं द्याल?

कळमेश्वरचा_वांगेवाला

घ्या. चुलतभावालेही विचारलं, तो हो म्हणते. काड्यांचा ढीग आजच चुलीकडे नेणं सुरू केलं. पण एक सांगा, नेहमीच्या पद्धतीच्या पट्ट्यात मी जो फवारा मारतो तोच मारू का? तुमच्यासमोर मले लाज वाटीन.

धुऱ्यावरून

तोच मारा, भाऊ. जसा मारता तसाच आणि तेवढ्याच वेळा. फक्त तारीख, औषध आणि किती पंप ते वहीत लिहा. त्या पट्ट्यातलं वांगं मात्र डब्यावरचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय तोडायचं नाही, एवढं एकच ऐका.

मौद्याची_लेक

मी आजच सुरुवात केली. उन्हाळी वांग्याची २० झाडं मोजली, सोबत दोघी होत्या. सुकलेले शेंडे अकरा, ते खुडून पिशवीत घेतले. एक शेंडा चिरला तर आत गुलाबीसर अळी होती. सोबतची म्हणाली, ही तर आपण रोज धुऱ्यावर टाकतो. एका पानावर पांढऱ्या धाग्याच्या टोकाला लटकलेली बारीक अंडी पण दिसली, आठ-दहा. ती कशाची, मी सांगितलं नाही. पान बरणीत ठेवलं आहे, मंगळवारी उघडतो.